'ऑलमोस्ट फेमस' : विल्यमने गुरूचा सल्ला पाळला का?

आडवाट (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. कॅमेरन क्रो यांनी लिहिलेला आणि दिग्दर्शित केलेला 'ऑलमोस्ट फेमस' (२०००) गेल्या रविवारी मी चौथ्यांदा पाहिला, आणि आधीच्या तीन वेळांना न पडलेला एक प्रश्न या वेळी पडला. चर्चेसाठी शेवटही सांगावा लागणार आहे, त्यामुळे ज्यांना चित्रपट अजून पाहायचा आहे त्यांनी आधी तो पाहावा आणि मग येथे यावे.

काळ १९७३ चा. सॅन डिएगोत आईसोबत राहणारा १५ वर्षांचा विल्यम मिलर, म्हणजे किशोरवयातले क्रोच, रॉक संगीतावर लिहितो. 'क्रीम' मासिकाचे समीक्षक लेस्टर बँग्ज, जे खरोखर होऊन गेले, त्याला ३५ डॉलरच्या मोबदल्यात ब्लॅक सबाथ या बँडवर हजार शब्द लिहायला सांगतात. सबाथच्या आधी वाजवणाऱ्या 'स्टिलवॉटर' या काल्पनिक बँडशी त्याची ओळख होते. पुढे 'रोलिंग स्टोन' या संगीतविषयक मासिकातून फोन येतो, तेव्हा तो आवाज जाड करून आपले वय लपवतो आणि त्या बँडच्या दौऱ्यावर निघतो. निघण्याआधी बँग्ज यांनी त्याला बजावलेले असते की या लोकांशी मैत्री करू नकोस, आणि लिहिताना प्रामाणिक राहा, कोणाची गय करू नकोस.

मैत्री तर होतेच. विल्यम खरे लिहितो, मासिकाची तपासनीस पडताळणीसाठी फोन करते तेव्हा गिटारवादक रसेल सगळे नाकारतो, आणि मुलगा रिकाम्या हाताने घरी परततो. मग शेवटी रसेल स्वतःहून मासिकाला सांगतो की लिहिलेले खरे आहे, आणि विल्यमच्या घरी येऊन मनमोकळी मुलाखतही देतो. म्हणजे विल्यमला सत्यही मिळाले आणि मित्रही मिळाला. माझा प्रश्न असा की, ज्या चित्रपटाचा गुरू गय करू नकोस म्हणतो, तो चित्रपट स्वतः मात्र एकूण एक पात्राची गय करतो. मग गुरूचा सल्ला चुकीचा ठरला, की दिग्दर्शकाने आपल्या बालरूपाला सोपी प्रश्नपत्रिका काढून दिली?

कोरा_कागद

विषय उत्तम आहे. वाचनखूण साठवली आहे. आज रात्री चित्रपट पुन्हा पाहून सविस्तर लिहितो.

फिरता_वार्ताहर

मी एका मराठी दैनिकाच्या सांस्कृतिक पानासाठी २२ वर्षे मैफलींचे वृत्तांत लिहिले. रॉक संगीतातले मला फारसे कळत नाही, पण बँग्ज यांचा सल्ला कशासाठी आहे हे मला चांगले कळते.

एका ज्येष्ठ गायिकेच्या घरी माझे जाणे-येणे होते. नाव सांगत नाही. त्यांच्या माजघरात बसून मी त्यांच्या हातची थालीपिठे खाल्ली आहेत, आणि माझ्या मुलीच्या बारशाला त्या आल्या होत्या. पुढे एका सायंकाळच्या मैफलीत त्यांना तार षड्ज लागेना. पहिल्यांदा लागला नाही, दुसऱ्यांदा लागला नाही, आणि तिसऱ्या वेळी त्यांनी तो टाळून खालूनच समेवर येणे पसंत केले. मला ते स्पष्ट ऐकू आले होते. रात्री कार्यालयात बसून मी बंदिशींच्या निवडीवर तीन परिच्छेद लिहिले आणि आवाजाबद्दल एक अक्षरही लिहिले नाही. आठवड्याने त्यांचे तबलजी भेटले आणि म्हणाले, "बंदिशींविषयी फार छान लिहिलंत." त्यांच्या स्वरात राग नव्हता, पण मी काय टाळले होते ते त्यांना नेमके समजले होते.

मी खोटे काही लिहिले नव्हते. मैत्रीमुळे लेखणी खोटे लिहू लागते असे नाही. ती नजर वळवून दुसरीकडे पाहू लागते, आणि ते वाचकाच्या लक्षातही येत नाही. म्हणून धागाकर्त्यांच्या प्रश्नावर माझे मत असे आहे की सल्ला शंभर टक्के बरोबर होता आणि विल्यमला नशिबाने हात दिला.

निळी_शाई

वार्ताहरसाहेब, आपला अनुभव मनाला भिडला, तरीही निष्कर्षाशी मी सहमत नाही. विल्यमला नशिबाने हात दिला असे म्हणण्याआधी एक गोष्ट पाहावी. त्याचा लेख आपण वाचतो कुठे? संपूर्ण चित्रपटात आपल्या कानांवर येते ती त्या लेखाची सुरुवात तेवढी, ज्यात तो ट्युपेलोवरून उडणाऱ्या विमानात आहे आणि सगळे मरणार आहेत असे सांगतो. बाकीचा लेख कसा आहे, त्यात काय आले आणि काय गळले, हे दिग्दर्शक आपल्यापासून राखून ठेवतो.

आता तो विमानातला प्रसंग आठवा. वादळात विमान हेलकावे खात आहे, मरण समोर दिसत आहे, आणि एकेक जण आपली गुपिते ओकतो. कोणाचे कोणाच्या पत्नीशी संबंध होते ते बाहेर येते, आणि आतापर्यंत जवळजवळ एक शब्दही न बोललेला ढोलवादक आपण समलिंगी असल्याचे ओरडून सांगतो. पुढच्याच क्षणी ढग विरतात, विमान स्थिर होते आणि सगळे एकमेकांची नजर चुकवू लागतात. विमानतळावर रसेल विल्यमला म्हणतो की तुला हवे ते लिही. ही परवानगी रसेलने दिली. त्या ढोलवादकाला कोणी विचारले? १९७३ साली ते वाक्य छापले गेले असते तर त्याच्या आयुष्याचे काय झाले असते? विल्यमने ते गाळले असेल तर त्याने गय केली, आणि मला तो अधिक चांगला पत्रकार वाटेल. नजर वळवणे आणि झाकून ठेवणे यांत फरक आहे असे मला वाटते.

फिरता_वार्ताहर

@निळी_शाई, फरक आहे, हे मान्य करतो. ढोलवादकाचे गुपित त्याचे स्वतःचे होते. ती मैफल मात्र तिकीट काढून आलेल्या श्रोत्यांची होती. माझ्या बाबतीत झाकण्याचा अधिकार मला नव्हता.

पाऊलवाट

गय कोणाची झाली हा प्रश्न विचारला गेला हे बरे झाले, कारण मला या चित्रपटाचे सौंदर्य दिसते आणि त्याच जागी तो मला टोचतोही.

पेनी लेन ही मुलगी बँडच्या पाठोपाठ गावोगाव फिरते. तिचे आणि तिच्या मैत्रिणींचे म्हणणे असे की, आपण संगीतावरच्या प्रेमापोटी येथे आहोत, इतरांसारख्या नाही. विल्यम आणि ती पहिल्यांदा बोलतात तेव्हा दोघेही वय १८ सांगतात, मग १७, मग १६. शेवटी ती म्हणते की सत्याचा आवाज वेगळाच येतो, आणि तेव्हा कुठे विल्यम १५ म्हणून कबूल होतो. हा प्रसंग इतका लोभस आहे की आपण हसतो आणि पुढे जातो. पण थांबून विचार केला तर ती १६ वर्षांची मुलगी आहे आणि तिच्या आयुष्यातला पुरुष, म्हणजे रसेल, प्रौढ आणि प्रसिद्ध आहे. त्या काळच्या रॉक जगतात अल्पवयीन मुलींचे जे झाले, ते आज आपण ज्या शब्दांत सांगतो ते शब्द या चित्रपटात कोठेही उच्चारले जात नाहीत.

तरीही एक प्रसंग आहे. पत्त्यांच्या डावात बँडने या मुलींना दुसऱ्या बँडकडे ५० डॉलर आणि हाइनिकेन बिअरच्या एका खोक्यावर सोपवलेले असते, आणि विल्यम रागाच्या भरात ते पेनीला सांगून टाकतो. पेनी झालेल्या केट हडसन यांचा चेहरा त्या वेळी पाहा. पाठ वळते, डोळ्यांत पाणी येते, ते बोटाने टिपले जाते, ओठांवर हसू आणले जाते, आणि मग ती विचारते की बिअर कोणती होती. हे सगळे काही सेकंदांत घडते. मला वाटते की संपूर्ण चित्रपटात गय न करणारे सत्य विल्यम एकदाच उच्चारतो, आणि नेमके तेव्हा ते सर्वांत दुबळ्या व्यक्तीच्या वाट्याला येते. पुढे न्यूयॉर्कच्या हॉटेलात ती झोपेच्या गोळ्या घेते. रसेलला मात्र चित्रपट पश्चात्तापाची संधी देतो, घरी आणतो आणि खुर्चीवर बसवतो. माझा आक्षेप दयेला नाही, तिच्या वाटपाला आहे.

कोरा_कागद

काल रात्री पाहिला. @पाऊलवाट, आपला प्रतिसाद आधी वाचला असल्यामुळे तो बिअरचा प्रसंग मी दोनदा मागे नेऊन पाहिला. आपण म्हणता ते सगळे तेथे आहे. मात्र रसेलला विल्यमच्या घरी आणणारी पेनीच आहे, हे विसरू नये. तो तिला भेटायला निघालेला असतो आणि ती त्याला मुद्दाम विल्यमचा पत्ता देते. शेवटची न्याय्य कृती तिच्या हातून घडते आणि मग ती मोरोक्कोला निघून जाते.

माजघर

मी दोन मुलांची आई आहे आणि या चित्रपटात मला सर्वांत जवळची वाटते ती इलेन, म्हणजे विल्यमची आई. फ्रान्सिस मॅकडॉर्मंड यांनी ती इतकी खरी केली आहे की पहिल्यांदा पाहताना मला तिचा राग आला होता, आणि मुले मोठी झाल्यावर पाहिला तेव्हा तिच्यासाठी पोटात तुटले.

ती महाविद्यालयात शिकवते, घरात रॉकच्या तबकड्यांना बंदी घालते, आणि या जाचाला कंटाळून मोठी मुलगी घर सोडते. जाताना मुलगी भावाच्या कानात सांगते की पलंगाखाली बघ. तेथे एका पिशवीत तिच्या सगळ्या तबकड्या असतात. विल्यम एकेक वेष्टन हातात घेतो, त्यावरून बोटे फिरवतो, आणि मग एक चिठ्ठी निघते, ज्यात मेणबत्ती लावून 'टॉमी' (द हू या बँडची तबकडी) ऐक, तुला तुझे पुढचे आयुष्य दिसेल, असे लिहिलेले असते. तो मेणबत्ती लावतो आणि सुई तबकडीवर टेकवतो.

आता धाग्याच्या विषयाकडे येते. सत्याचा इतका आग्रह धरणाऱ्या या आईने स्वतः एक मोठी गोष्ट लपवलेली असते. तिने मुलाला वरच्या इयत्तांत ढकललेले असते आणि तो वर्गातल्या इतरांपेक्षा किती लहान आहे हे त्याला सांगितलेलेच नसते. ते उघड होते तेव्हा मुलाचा चेहरा उतरतो. सत्य कधी सांगावे आणि कधी राखावे, हा धडा विल्यमने दौऱ्यावर नव्हे तर स्वयंपाकघरात गिरवला आहे, असे मला ठामपणे वाटते. आणि तरीही तीच आई त्याला गाडीतून सॅन डिएगोच्या मैफलीला सोडते, आणि साऱ्या गर्दीदेखत अमली पदार्थ घेऊ नकोस म्हणून ओरडते. रसेल फोनवर तिची गंमत करायला जातो तेव्हा ती त्याला जे सुनावते ते ऐकून तो अक्षरशः शाळकरी मुलासारखा सरळ उभा राहतो. कोणाची गय करू नकोस हे शब्द लेस्टरचे असतील, पण ते पाळून दाखवते ती इलेन.

षड्जपंचम

थोडे वादनाबद्दल लिहितो, कारण मी गिटार वाजवतो आणि चित्रपटांतले खोटे वादन मला लगेच खटकते. येथे ते खटकत नाही. रॉक गिटारवादक पीटर फ्रॅम्प्टन सल्लागार होते, 'हार्ट' बँडच्या नॅन्सी विल्सन, ज्या त्या वेळी क्रो यांच्या पत्नी होत्या, त्यांनी संगीत सांभाळले, आणि रसेलची गिटार प्रत्यक्षात 'पर्ल जॅम'चे माइक मॅक्रेडी यांनी वाजवली आहे. रसेल झालेल्या बिली क्रडप यांच्याकडून चित्रीकरणाआधी अनेक आठवडे तालीम करून घेतली गेली, आणि म्हणूनच त्यांची बोटे तारांवर योग्य जागी पडतात.

बँडमधल्या संबंधांचेही असेच. छापून आलेल्या टी-शर्टवर एकट्या रसेलचा चेहरा स्पष्ट असतो आणि बाकीचे तिघे मागे धूसर असतात, त्यावरून गायक जेफ भडकतो. ज्यांनी कोणत्याही वाद्यवृंदात काही वर्षे काढली आहेत त्यांना हे भांडण तोंडपाठ असेल.

एक आपल्याकडचा दुवाही सांगतो. चित्रपटात लेड झेपेलिनची गाणी आहेत, जी हा बँड सहसा कोणाला देत नसे. क्रो यांनी लंडनला जाऊन त्या बँडचे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट यांना चित्रपट दाखवला तेव्हा त्यांनी परवानगी दिली. चित्रपटातल्या दौऱ्याच्या आदल्या वर्षी, म्हणजे १९७२ मध्ये, हेच दोघे मुंबईत होते. त्यांनी येथल्या वादकांना घेऊन आपली दोन गाणी नव्याने ध्वनिमुद्रित केली आणि कुलाब्याच्या 'स्लिप डिस्क' या क्लबात वाजवलेही. ते ध्वनिमुद्रण २०१५ मध्ये अधिकृतपणे प्रसिद्ध झाले. जरूर ऐकावे, त्यातला तबला आणि सतारीचा मेळ ओढूनताणून आणलेला वाटत नाही.

जुना_अंक

आतापर्यंतची चर्चा चित्रपटातल्या विल्यमवर झाली. मूळ विल्यमबद्दल काही गोष्टी नोंदवतो, कारण धागाकर्त्यांच्या प्रश्नाचे उत्तर मला तेथे सापडते.

क्रो यांचा जन्म १९५७ चा. १९७३ मध्ये, १६ व्या वर्षी, ते ऑलमन ब्रदर्स बँडच्या दौऱ्यावर 'रोलिंग स्टोन'साठी गेले. ग्रेग ऑलमन यांना अचानक संशय आला की हे पोर पोलिसांचे तर नाही, आणि त्यांनी मुलाखतींच्या सगळ्या ध्वनिफिती काढून घेतल्या. पुढे त्या परत मिळाल्या आणि डिसेंबरात मुखपृष्ठकथा छापून आली. चित्रपटातला रसेलचा नकार या अनुभवातून आलेला दिसतो.

१९७५ मध्ये त्यांनी लेड झेपेलिनवर मुखपृष्ठकथा लिहिली. त्या बँडचा 'रोलिंग स्टोन'वर राग होता, कारण मासिकाने त्यांच्या तबकड्यांवर झोड उठवली होती. क्रो यांना मात्र ते भेटले, कारण हा मुलगा त्यांचा खरा चाहता होता. क्रो यांनी स्वतःच सांगितले आहे की तो लेख झाल्यावर संपादक यान वेनर यांनी त्यांना बोलावून घेतले, बँडला जे हवे होते तेच तू लिहिलेस अशा अर्थाचे सुनावले, आणि लेखिका जोन डिडियन यांचे पुस्तक हातात ठेवून हे वाच म्हणून सांगितले. म्हणजे प्रत्यक्ष आयुष्यात परीक्षा झाली होती आणि निकाल असा लागला होता.

आणखी एक बाब चित्रपटात येत नाही. ज्या १९७३ मध्ये ही कथा घडते, त्याच वर्षी 'रोलिंग स्टोन'ने लेस्टर बँग्ज यांचे लिखाण छापणे बंद केले, आणि कारण दिले गेले ते संगीतकारांचा अनादर केल्याचे. १९८२ मध्ये, वयाच्या ३३ व्या वर्षी, बँग्ज वारले. म्हणून मला वाटते की हा चित्रपट म्हणजे एका शिष्याने २५ वर्षांनी लिहिलेला तोच लेख आहे, फक्त या वेळी गुरूला मध्यभागी बसवून.

दूरदेशी

मी सॅन डिएगोत राहतो. मागच्या दाराने आत सोडावे म्हणून विल्यम जेथे उताराच्या रस्त्यावर ताटकळतो, ते क्रीडागृह अजून उभे आहे. मी तेथे कामानिमित्त गेलो असताना मुद्दाम वळसा घालून तो उतार पाहून आलो. या चित्रपटावरून बेतलेले संगीत नाटकही २०१९ मध्ये याच शहरातल्या 'ओल्ड ग्लोब' रंगमंदिरात पहिल्यांदा झाले. क्रो यांच्या आई त्याच्या शुभारंभाच्या काही दिवस आधी वारल्या. @माजघर, इलेनबद्दल आपण लिहिलेले वाचताना ही गोष्ट सांगावीशी वाटली.

नवखा_वाचक

मी २१ वर्षांचा आहे आणि पत्रकारिता शिकतो. आपल्या सर्वांच्या प्रतिसादांनंतर पाहिला. मला सर्वांत नवल वाटले ते त्या यंत्राचे, ज्यातून लेखाचे एक पान पाठवायला १८ मिनिटे लागतात. वार्ताहर काका, एक विचारायचे होते. आज कलाकार स्वतःच समाजमाध्यमांवर सगळे टाकतात, आणि मुलाखत हवी असेल तर प्रसिद्धी सांभाळणाऱ्यांकडून १५ मिनिटे मिळतात. मैत्री होण्याइतका वेळ कोणी देतच नाही. मग हा सल्ला आमच्या कामाचा राहिला का?

फिरता_वार्ताहर

आहे, बाळा. १५ मिनिटांत मैत्री होत नाही, पण पुढची १५ मिनिटे मिळावीत ही इच्छा मात्र होते, आणि नजर वळायला तेवढी पुरते.

कोरा_कागद

एक सूचना : चित्रपटगृहांत लागलेली आवृत्ती १२२ मिनिटांची आहे, आणि दिग्दर्शकाची मोठी आवृत्ती त्याहून सुमारे ४० मिनिटांनी लांब आहे. ज्यांना माणसे अधिक जवळून पाहायची आहेत त्यांनी मोठी पाहावी; पहिल्यांदा पाहणाऱ्यांनी लहानच पाहावी.

आडवाट (धागाकर्ता)

सर्वांचे मनापासून आभार. मूळ प्रश्नाकडे परत येतो, कारण माझे मत आठवडाभरात बदलले आहे.

@जुना_अंक यांच्या प्रतिसादानंतर मी रात्रीचा तो फोनचा प्रसंग पुन्हा पाहिला. विल्यम हरलेला आहे, लेख लिहिता येत नाही, आणि तो मध्यरात्री लेस्टरला फोन करतो. लेस्टर झालेल्या फिलिप सीमोर हॉफमन यांना चित्रीकरणाच्या त्या दिवसांत ताप होता. क्रो यांनी लिहिले आहे की त्यांच्या कल्पनेत हा प्रसंग गर्जनेसारखा, रणशिंग फुंकल्यासारखा होता. हॉफमन यांनी तो हळू आवाजात, एका एकट्या माणसाने दुसऱ्या एकट्या माणसाशी बोलावे तसा केला. लेस्टरला लगेच समजते की पोराने मैत्री केली आहे. सल्ला मोडल्याबद्दल तो रागावत नाही. मी नेहमी घरीच असतो, केव्हाही फोन कर, असे सांगतो, आणि प्रामाणिक राहा, गय करू नकोस हे पुन्हा एकदा सांगतो.

म्हणजे सल्ला देणारा स्वतः त्या क्षणी विल्यमची गय करतो आणि तरीही सल्ला मागे घेत नाही. मी सुरुवातीला 'सोपी प्रश्नपत्रिका' म्हणालो होतो, ते शब्द परत घेतो. @पाऊलवाट यांचा आक्षेप मात्र मला अजून खोडता आलेला नाही, आणि तो खोडला जाईल असे वाटतही नाही.

वार्ताहरसाहेब, राहवत नाही म्हणून विचारतो : त्या मैफलीबद्दल आज लिहायचे झाले तर काय लिहाल?

फिरता_वार्ताहर

आपला प्रश्न वाचून दोन दिवस उत्तर दिले नाही, कारण त्या मैफलीची ध्वनिफीत घरात कोठेतरी होती आणि ती शोधायची होती. काल सापडली. मुलीने जुना टेपरेकॉर्डर दुरुस्त करून आणला आणि आम्ही दोघांनी बसून ऐकली.

तार षड्ज तिन्ही वेळा लागत नाही, ही माझी आठवण खरी निघाली. पण मला आठवत नव्हते ते वेगळेच. तिसऱ्या वेळी त्या वरचा स्वर सोडून देतात, निषादावरून सावकाश खाली उतरतात आणि पंचमावर इतका वेळ थांबतात की तबलजी ठेका धरून नुसता वाट पाहतो; मग मुखडा घेऊन त्या समेवर येतात आणि सभागृहातून जी दाद उठते, तेवढी त्या ९० मिनिटांच्या फितीत दुसरीकडे कोठेही नाही. त्या रात्री मी आवाजाबद्दल लिहायचे टाळले, आणि त्यामुळे हेही लिहायचे राहून गेले. बाई आता हयात नाहीत. तबलजी आहेत; त्यांना फितीची एक प्रत उद्या नेऊन देणार आहे.